तुळसाबाईसाठी प्रार्थना

२३ एप्रिल, मंगळवार

चर्चच्या पाळकसाहेबांनी माझ्यावर नवीन काम टाकलं आहे. बायजाबाईंना दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी पवित्र शास्त्र वाचून दाखवायचं. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली त्याला वर्ष झालं. बाई आयुष्यभर पायी फिरून सुवार्ता सांगत आल्या. पारशिवनीपासून सावनेरपर्यंत असं गाव नसेल, जिथे ओट्यावर बसून त्यांनी बायांना गीतं शिकवली नाहीत. संडे स्कूलमध्ये मलाही त्यांनीच शिकवलं आणि माझे कानही त्यांनीच पिळले. त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

गेलो. दाराला ओला पडदा, आत थंडगार अंधार, वर पंख्याची कुरकुर. सलाम करून बसलो आणि शास्त्र उघडलं, तर म्हणाल्या, "ते राहू दे गा मुकुंदा. ते मले पाठ हाय. त्या पेटीतलं पुस्तक काढ."

पेटीत एक कादंबरी निघाली. मुखपृष्ठ गेलेलं, नावाचं पानही गेलेलं. कुणी लिहिली काही कळत नाही.

"बाई, ही बनवलेली गोष्ट आहे. शास्त्र सोडून खोटं कशाला वाचायचं?"

"खोटं का खरं ते आयकल्यावर पाहू. वाच."

मी एकोणीस वर्षं चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी. नोकरी पाटबंधारे खात्याच्या अभिलेख कक्षात झाली. जे झालं ते लिहायचं, जे झालं नाही ते लिहायचं नाही, एवढंच मला येतं. जे कधी घडलंच नाही त्याची तीनशे पानं लिहिणाऱ्याचं मला नवल वाटतं आणि छापणाऱ्याचं त्याहून जास्त. पण बाईंपुढे काय चालणार? वीस पानं वाचली. आवाज मुद्दाम कोरडा ठेवला.

२५ एप्रिल, गुरुवार

जया या गुरुवारीही शहराबाहेर बेसाला गेली. म्हणते, तिकडे भाजी ताजी मिळते. बेचाळीस डिग्रीत पालकाच्या दोन जुड्यांसाठी कुणी एवढ्या लांब जातं का? आली तेव्हा घामाने भिजलेली, पण गुणगुणत होती. चाळीस वर्षांच्या संसारानंतरही बायकोचं काही कळत नाही.

काल ती डिंकाचे लाडू वळत होती. एप्रिलमध्ये डिंक! विचारलं तर म्हणाली, कंबर दुखते. मग मी एक मागितला, तर म्हणाली, "तुम्हाले गरम पडतील." आज डबा पाहिला तर रिकामा. एका रात्रीत तिने सगळे खाल्ले असतील तर कंबरेपेक्षा पोटाचीच काळजी करायला हवी.

बेसात सौरव राहतो, एवढं मला माहीत आहे. नेमका कुठे, ते मी विचारलेलं नाही. सौरव आमचा मुलगा, एकुलता. चार वर्षांपूर्वी त्याने रितिकाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मुलगी बौद्ध घरातली, वडील शाळामास्तर, माणसं चांगली आहेत असं सगळे म्हणतात. पण चर्चमध्ये लग्न नाही, आशीर्वाद नाही. मंडळीच्या नियमाप्रमाणे अशा वेळी आधी पाळकांनी भेटायचं, तीन महिने वाट पाहायची, मग निर्णय. मी कुणाला भेटायला पाठवलं नाही आणि तीन दिवसही थांबलो नाही. त्याच रविवारी सभासद यादी घरी आणली आणि त्याच्यासमोर त्याच्या नावावर रेघ मारली. नियम पाळायचा तर आपल्या घरापासून, असं तेव्हा वाटलं. तो बॅग घेऊन निघाला. मी बरोबरच केलं असं अजूनही वाटतं. बहुतेक वेळा वाटतं.

२६ एप्रिल, शुक्रवार

कादंबरीतल्या बाईचं नाव तुळसाबाई. पारशिवनीकडच्या एका खेड्यात सुईण. नवरा दुसरीचा हात धरून गेला. ती दुसरी बाळंतपणात मेली आणि नवरा तिचं पोर तुळसाबाईच्या दारात ठेवून पसार झाला. हे पोर म्हणजे रामू. तुळसाबाई त्याला वाढवते आणि तो तिला चावतो, दूध सांडतो, घरातली भांडी नेऊन विकतो. दहा वर्षांचा झाल्यावर लोकांसमोर म्हणतो, "तू माही माय नाहीस." ती म्हणते, "बरं. जेवून घे."

इथे मला थांबावं लागलं. बाईंना सांगितलं, धूळ फार आहे पुस्तकात.

"हाय ना," बाई म्हणाल्या. "जुनं पुस्तक हाय. पानी पे."

२८ एप्रिल, रविवार

उपासनेला उपस्थिती एकशे चार. उपदेश पंचेचाळीस मिनिटं चालला. माझ्या डोक्यात सारखी तुळसाबाई. हे बरं नाही.

३० एप्रिल, मंगळवार

रामू सोळाव्या वर्षी पळून गेला. जाताना तुळसाबाईची चांदीची पाटलीही घेऊन गेला. मला वाटलं, आता ती दारात बसून वाट पाहील. पण हिने दुसऱ्याच दिवशी घराला कडी घातली आणि निघाली. आज या गावचा आठवडी बाजार, उद्या त्या गावचा. पोरगं भुकेलं असेल तर बाजाराकडेच फिरकेल, असा तिचा हिशेब. प्रत्येक बाजारात विचारत जाते, उंच, सावळा, डाव्या भुवईवर खूण असलेला कुणी पाहिला का?

मला तिचा राग आला. बाईंना म्हणालो, "हे पटत नाही. चोरी त्याने केली, घर त्याने सोडलं. जो चुकला त्याने परत यावं, ही रीत आहे."

"कोनाची रीत गा?"

"देवाची."

बाई हसल्या. दात नाहीत, त्यामुळे हसणं तोंडभर दिसतं. "देव घरी वाट पाहत बसला असता तर तू अन् मी कुठं असतो? तो आला का नाही खाली? गोठ्यात जन्मला का नाही? वाच पुढं."

ख्रिस्तजन्माच्या संदेशात हे मी पन्नास वेळा ऐकलं आहे, स्वतः तीनदा सांगितलंही आहे. पण तेव्हा ते एक वाक्य होतं. आज त्या वाक्याच्या पायात तुळसाबाईची झिजलेली चप्पल दिसली. घरी येताना ऊन इतकं पांढरं होतं की रस्ता कुठे जातो ते दिसत नव्हतं, आणि कितीतरी वेळ मला वाटत राहिलं की पुढे एक बाई चालते आहे.

४ मे, शनिवार

आज एक भलतीच गोष्ट झाली. घरसभा या वेळी बायजाबाईंच्या घरी होती. वीसेक माणसं. रीतीप्रमाणे मी वही घेऊन प्रत्येकाचे प्रार्थनेचे विषय लिहीत होतो. कुणाच्या भावाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीची परीक्षा. बाईंची पाळी आली.

बाई म्हणाल्या, "तुळसाबाईसाठी प्रार्थना करा. पारशिवनीकडची हाय. पोरगा घर सोडून गेला. ते त्याले बाजार-बाजार धुंडून राहिली. आता तिले ताप हाय."

सगळ्यांनी "अरेरे" केलं. मी पेन वर केलं, तोंड उघडलं, पण तेवढ्यात पाळकसाहेबांनी डोळे मिटून सुरुवातही केली. आणि काय प्रार्थना केली! "हे प्रभू, त्या मायच्या पायांना बळ दे, त्या लेकराच्या मनाला पाझर फोड." मध्येच उठून, साहेब, ही बाई छापील आहे, असं कसं म्हणायचं? वयाने बाईंचा घोटाळा झाला असेल. गोष्ट कुठली, खरं कुठलं, हे त्यांना राहिलं नसेल.

सगळ्यांत मोठ्याने "आमेन" माझं निघालं. ते कसं निघालं, कळत नाही.

दर वेळी शेवटी पाळकसाहेब विचारतात, "सेक्रेटरीसाहेब, तुमचा काही विषय?" दर वेळी मी म्हणतो, "प्रभूच्या कृपेने सगळं ठीक." आजही तेच म्हणालो. जया गालिच्याकडे पाहत होती.

५ मे, रविवार

घरसभेच्या वहीत जे विषय आले ते रविवारी वाचायचे, हा नियम. मी नियमाने वाचले. सातवा, तुळसाबाई, पारशिवनी. एकशे अकरा माणसांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. माझ्या हातून एकोणीस वर्षांत खोटी नोंद गेली नव्हती.

विचित्र हे की शरम वाटली नाही. तिच्यासाठी कुणीतरी प्रार्थना केली याचं बरं वाटलं.

७ मे, मंगळवार

बाजारात, बँकेत, चर्चच्या फाटकाशी, जो भेटेल तो विचारतो, "तुळसाबाईचा ताप कसा हाय?" आज मी एकाला सांगून बसलो, "थोडा उतरला." पुस्तकात खरंच उतरला आहे, मी पदरचं काही वाढवून सांगितलेलं नाही.

वाचून झाल्यावर बाईंच्या खुर्चीतच डोळा लागला. स्वप्नात तुळसाबाई आमच्या ओसरीवर बसली होती, पाय धूत होती. मी म्हणालो, रामू इथे नाही. ती म्हणाली, "मी रामूसाठी नाही आली." मग कुणासाठी, हे विचारणार तोच जाग आली. पडद्यातून हिरवा उजेड येत होता आणि बाई हळू आवाजात गीत म्हणत होत्या. कोण जागं आणि कोण स्वप्नात, पटकन कळेना. असाच उजेड राहावा आणि कुणी काही विचारू नये, असं वाटलं.

१० मे, शुक्रवार

चूक झाली. मी मंगळवारी पुस्तक घरी आणलं आणि काल शेवट आधीच वाचून काढला. तुळसाबाईला रामू भेटत नाही. सावनेरच्या बाजारात, दुपारी, एका निंबाखाली ती बसते आणि पुन्हा उठत नाही. लोक तिला ओळखत नाहीत. रामूला शेवटपर्यंत कळत नाही की आपल्याला कुणी शोधत होतं. संपलं.

मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. वडील गेले तेव्हाही असा रडलो नव्हतो. जी बाई कधी नव्हतीच, तिच्यासाठी.

आज बाईंसमोर पुस्तक उघडलं आणि ते वाचवेना. शंभरावर माणसांनी तिच्यासाठी प्रार्थना केली आहे! मग मी, मुकुंद, ज्याने आयुष्यात न घडलेलं एक अक्षर लिहिलं नाही, पानाकडे पाहत मनाचं सांगू लागलो. सावनेरचा बाजार. उन्हात एक जवान माणूस सायकलीचं पंक्चर काढतो आहे. भुवईवर खूण. तुळसाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहते. तो वर पाहतो, त्याच्या हातातून पाना गळून पडतो. तो तिच्या पायांवर डोकं ठेवतो आणि म्हणतो, मी चुकलो, माय, मला माफ कर. तेव्हा ती त्याला उठवते.

बाई म्हणाल्या, "पान उलटल्याचा आवाज नाही आला गा."

मी घाईने एक पान उलटलं.

"मले तो शेवट माहीत हाय, मुकुंदा. नजर होती तवा तीनदा वाचलं म्या हे. निंबाखाली जाते ते. तू चांगलं सांगितलं. पन तुह्या गोष्टीत बी पोरगाच माफी मागून राहिला. तुळसाबाई त्याच्या माफीची वाट पाहन का? तिनं त्याले आधी पोटाशी धरलं असतं."

"बाई, मग तुम्हाला माहीत होतं? घरसभेत तुमचा घोटाळा नव्हता झाला?"

"डोळे गेले माहे, डोकं नाही गेलं. चार वर्सं झाली, मी वाट पाहून राहिली का तू एक नाव घेशील. तू नाही घेतलं, मंग म्या दुसरं घेतलं." त्यांनी हात पुढे केला, माझं मनगट सापडेपर्यंत चाचपडल्या. "एक सांग. तुळसा नाहीच हाय जगात. तरी तुहा जीव तिच्यात अडकला. ज्यानं तिले लिहिलं, त्यानं तिले आधी मनात किती दिवस वागवलं असन? मंग आपुन नव्हतो तवा देवानं आपल्याले कसं वागवलं असन, पाह्य. आपुन भले म्हनून नाही. आपुन तर नव्हतोच."

घरी पायी आलो. रिक्षा करायची आठवण राहिली नाही.

११ मे, शनिवार

रीनाताई, महिला मंडळाच्या अध्यक्षा, सकाळीच घरी आल्या. उद्या उपासनेनंतर बारा बाया पारशिवनीला तुळसाबाईंच्या भेटीला जाणार. गाडी ठरली. तांदूळ, चादर, दोन पातळं, तापाच्या गोळ्या, सगळं गोळा झालं. "गावाचं नाव तेवढं लिहून द्या, सेक्रेटरीसाहेब. आम्ही तिच्या पोराचा फोटो असन तं पोलिसांत बी देतो."

मी म्हणालो, उद्या देतो. जया दारातून माझ्याकडे पाहत होती. ती काही विचारेल असं वाटलं, पण ती आत गेली.

खरं सांगितलं तर हसू होईल. एकोणीस वर्षांचं नाव धुळीला मिळेल. न सांगावं तर बारा बाया या उन्हात गावोगाव नसलेल्या बाईला शोधत फिरतील. पण दिवसभर मनात हे नव्हतं. मनात हे होतं की नसलेल्या बाईच्या हरवलेल्या पोरासाठी पोलिसांत जायला लोक तयार आहेत, आणि माझ्या असलेल्या पोराचं नाव या मंडळीत घ्यायला चार वर्षांत कुणी धजलं नाही. मीच रेघ मारली होती, मग कोण घेणार?

भीती वाटते. लोकांची नाही. सौरवने दार लावून घेतलं तर?

१२ मे, रविवार, संध्याकाळ

सूचनांच्या वेळी उभा राहिलो. म्हणालो, "पारशिवनीला तुळसाबाई नावाची बाई नाही. ती एका कादंबरीतली आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि हसू बाकांवरून पुढे आलं. पाळकसाहेब चष्मा पुसत राहिले. रीनाताई लाल झाल्या होत्या. "अन् म्या बुधवारी उपास केला तो कोनासाठी?"

"रीनाताई, तो वाया गेला नाही," मी म्हणालो. "माझा मुलगा सौरव घरातून गेला. खरं म्हणजे मी घालवला. नियमात तीन महिने थांबा असं लिहिलं होतं, मी तीन दिवसही थांबलो नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करा. त्याआधी माझ्यासाठी करा. मला त्याच्याकडे जायचं आहे आणि मला जायला येत नाही."

कुणी हसलं नाही. बायांच्या बाजूला जया पदरात तोंड घालून रडत होती. मग रीनाताईच उठल्या आणि प्रार्थना करायला लागल्या, डोळे उघडे ठेवूनच. त्यांचा राग गेला नव्हता, पण प्रार्थना खरी होती.

बाहेर येऊन जयाला म्हणालो, "बेसाला कसं जायचं, तुला काही..." ती रिक्षात बसलीसुद्धा. रिक्षावाल्याला वळणं तीच सांगत होती, डावीकडे, मग पाण्याच्या टाकीपासून आत. मी विचार करत होतो की काय बोलायचं. चार वाक्यं जुळवली, तीन खोडली.

तिसरा मजला. दार रितिकाने उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग जयाकडे, आणि म्हणाली, "या ना बाबा." मी तिच्याशी आयुष्यात एक शब्द बोललेलो नाही, तिने मला बाबा म्हटलं. जया सरळ स्वयंपाकघरात गेली आणि पाण्याचे ग्लास घेऊन आली. कुठे असतात हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. तेव्हा मला सगळे गुरुवार कळले.

खोलीत पाळणा होता. पाच आठवड्यांची मुलगी. ती जन्मली तेव्हा तिचा आजोबा चर्चमध्ये माणसं मोजत होता. तिचं अस्तित्वच मला माहीत नव्हतं आणि तिच्या आजीने तिच्यासाठी तेव्हापासून किती प्रार्थना केल्या असतील, कुणाच्याच वहीत नाहीत. रितिकाने मुलीला माझ्या हातात दिलं. इतकी हलकी की हात उगीचच ताठ झाले.

सौरव आतून आला. जाड झाला आहे थोडा. कानाशी दोन केस पांढरे. मला पाहून उभाच राहिला.

"एवढ्या उन्हात काहून आले तुम्ही?" तो म्हणाला.

जुळवलेलं एकही वाक्य सापडलं नाही. मी म्हणालो, "सौरव, माझं चुकलं." पुढे काही सुचेना, म्हणून पुन्हा तेच म्हणालो.

तो भिंतीकडे वळला. मग वाकला आणि कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलं.